बदामाचं वाटण

मालागा, ऑगस्टअखेर

मालागा शहराच्या पूर्वेला आक्सार्किया नावाचा डोंगराळ टापू आहे. सध्या तिथे बदामाचा हंगाम चालू आहे. झाडाखाली जाळी अंथरायची, लांब काठीने फांद्या झोडायच्या, खाली पडलेले बदाम गोळा करून सोलायचे आणि कवचासकट उन्हात वाळवायचे. उतार इतके उभे, की पुष्कळ ठिकाणी यंत्र चढतच नाही. घरातल्या माणसांनीच हात चालवायचे.

आपल्याकडे बदाम म्हणजे सुका मेवा. मुलांसाठी रात्री भिजत घातलेले चार दाणे, श्रीखंडावर काप, दिवाळीच्या डब्यात मूठभर. महाग वस्तू, जपून वापरायची. स्पेनमध्ये मात्र बदाम हे कोरडवाहू शेतकऱ्याचं पीक आहे, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय इथला स्वयंपाक समजत नाही. बदामाखालचं जगातलं सर्वांत मोठं क्षेत्र या देशात आहे, सात लाख हेक्टरांच्या वर. उत्पादनात मात्र कॅलिफोर्निया कितीतरी पुढे, कारण तिथल्या बागा ओलिताच्या आणि इथल्या बहुतेक पावसावरच्या. गहू जिथे पिकणार नाही अशा खडकाळ उतारावर हे झाड तग धरतं. म्हणून बदाम साध्या घरांच्या चुलीपर्यंत पोचला, आणि पोचला तो वाटणाच्या रूपात. आपण आमटीत, रश्श्यात दाण्याचं कूट ज्या सहजतेने घालतो, त्याच सहजतेने इथल्या बायका बदाम कुटतात.

याचा सगळ्यात निर्मळ नमुना म्हणजे आहोब्लांको, उन्हाळ्यात प्यायचं गार, पांढरंशुभ्र सार. आमच्या शेजारच्या आजी ते अजून लाकडी खलात करतात. पावशेराला थोडे कमी बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सोलायचे. लसणाच्या दोन पाकळ्या घ्यायच्या, पण त्यांच्या पोटातला हिरवा कोंब काढून, नाहीतर सार उग्र होतं. आधी लसूण आणि मीठ, मग बदाम थोडे थोडे घालून कुटायचे. मीठ खरखरीत असल्याने लसूण लवकर मऊ होतो. मग शिळ्या पावाचा भिजवून पिळलेला गर. आणि मग ऑलिव्ह तेल, बारीक धारेने, बत्ता एकाच दिशेने फिरवत. सगळी कसोटी इथेच आहे. धार जाड झाली की तेल वर तरंगतं. बरोबर जमलं की वाटण लोण्यासारखं चमकू लागतं. शेवटी व्हिनेगर आणि लिटरभर गार पाणी. बदाम सोलायला पाणी उकळलं तेवढंच, पुढे चुलीचा संबंध नाही. वर मोस्कातेल जातीची गोड द्राक्षं सोडायची. गारव्यातून लसणाची झणझण येते आणि मागोमाग द्राक्ष दाताखाली फुटतं. मिक्सरमध्येही ते होतं आणि शहरात सगळे तसंच करतात. पण मिक्सरमधलं सार अगदी गुळगुळीत होतं. खलातल्या साराला जो किंचित रवाळपणा असतो, तो मला जास्त आवडतो.

आज गाझपाचो, म्हणजे इथलं गार सार, म्हटलं की लाल रंग डोळ्यांसमोर येतो. टोमॅटो अमेरिकेतून आला, म्हणजे तो लाल रंग कोलंबसानंतरचा. पाव, लसूण, तेल आणि व्हिनेगर यांचं आहोब्लांकोसारखं सार त्याच्या कितीतरी आधीचं. आक्सार्कियातल्या आल्माचार गावात सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आहोब्लांकोचा उत्सव असतो. घराघरांत सार तयार होतं आणि आल्यागेल्याला फुकट वाटलं जातं.

बदामाची झाडं या द्वीपकल्पात अरबांच्या आधीही होती, पण अंदालुसियातल्या अरबी राजवटीत शेती वाढली आणि बदाम-साखरेची मिठाई फुलली. पुढे ख्रिस्ती उपवासांनी त्यात भर घातली. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर दूधही वर्ज्य असायचं. मग बदाम वाटून, गाळून त्याचं दूध काढायचं. चौदाव्या शतकातल्या ‘सेंत सोवी’ या कातालान पाकग्रंथात बदामाच्या दुधाचे पदार्थ पानोपानी भेटतात.

कातालोनियात हेच वाटण पिकादा होऊन येतं. तिथल्या रश्श्याची सुरुवात कांदा-टोमॅटो मंद आचेवर परतून होते आणि शेवट पिकादाने. भाजलेले बदाम, कधी हेझलनट, तळलेला पाव, लसूण, पार्सली आणि केशराच्या चार काड्या खलात कुटायच्या, रश्श्याच्याच डावभर पाण्यात सैल करायच्या आणि भांडं उतरवण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी आत सोडायच्या. आपलं वाटण आधी तेलात परतलं जातं, हे शेवटी पडतं. त्यामुळे केशर आणि बदामाचा सुवास उडून जात नाही, आणि रस्सा मैद्याविना दाटतो. तारागोनाकडचं रोमेस्को हे वाटणही याच घराण्यातलं. त्यात वाळवलेली न्योरा मिरची असते, तिखट जवळजवळ नाहीच, रंग मात्र भरपूर.

मला स्वतःला सगळ्यांत प्रिय आहे ती कास्तिलची पेपितोरिया. कोंबडीचे तुकडे पिठात घोळवून तेलात तांबूस करायचे, कांद्यावर घालून पांढऱ्या वाईनमध्ये आणि पाण्यात शिजवायचे. तोवर बदाम तेलात तळायचे. सोनेरी दिसू लागले की लगेच काढायचे, कारण ते आपल्याच उष्णतेने आणखी दोन छटा चढतात. मग बदाम, केशर आणि उकडलेल्या अंड्यांतले पिवळे बलक एकत्र वाटून रश्श्यात. अंड्याचा पांढरा भाग बारीक चिरून वरून. पहिला घास घेतल्यावर क्रीम घातलंय असंच वाटतं, पण दुधाचा थेंबही नसतो.

गोड पदार्थांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते स्पेनबाहेरही माहीत आहेत. नाताळात प्रत्येक घरी तुर्रोन असतो: आलिकान्तेचा कडक, हिहोनाचा मऊ. उंची प्रतीच्या हिहोना तुर्रोनमध्ये किमान 64 टक्के आणि आलिकान्तेत 60 टक्के बदाम असलेच पाहिजेत, असा नियम आहे. गालिसियातला सांतियागोचा केक बदाम, साखर आणि अंड्यांचा, मैदा नाही. तोलेदोच्या मठांत मासापान मिळतो. भिंतीतल्या लाकडी फिरत्या कप्प्यात पैसे ठेवायचे, कप्पा फिरतो, खोका येतो. आतली जोगीण दिसत नाही. याच मिठाईची पोर्तुगीज बहीण गोव्यात पोचली आणि तिथे बदामाच्या जागी काजू आला. गोवेकर ख्रिस्ती घरांत नाताळला होणारं मार्झिपॅन ते हेच.

आता काळजीची गोष्ट. आक्सार्कियाच्या खालच्या उतारांवर गेल्या काही दशकांत अवोकाडो आणि आंबा आला. होय, आंबा! पैसा चांगला मिळाला, पण दोन्ही झाडं पाण्याची तहानलेली. 2023 साली तिथलं विन्युएला धरण दहा टक्क्यांच्याही खाली गेलं, ओलिताचं पाणी तोडावं लागलं आणि बागा वाळल्या. वरच्या अंगाचे बदाम मात्र उभे राहिले. कोरडवाहू मुलखातून आलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. तरी बदामालाही शत्रू आहेतच. जुन्या जाती जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि एका रात्रीच्या हिमाने पीक जातं, म्हणून सारागोसाच्या संशोधकांनी उशिरा फुलणारी ग्वारा ही जात पुढे आणली. झायलेला नावाचा जिवाणू 2016 साली मायोर्का बेटावर सापडला आणि 2017 साली आलिकान्ते प्रांतात. त्याच्यामुळे होणारा रोग बदामाची झाडं वाळवतो, आणि त्यावर इलाज नाही.

ग्वाराने शेतकऱ्याचं नुकसान टाळलं, हे चांगलंच झालं. पण वाटणासाठी इथले लोक अजून मार्कोना मागतात. गोल, बुटका, तेलकट बदाम. कुटला की स्वतःच लोणी सोडतो. त्याचं कवच दगडासारखं. किलोभर फोडले तर पाव किलोच्या आसपास गर हाती येतो, म्हणून भाव चढा. दुकानातली स्वस्त पाकिटं पुष्कळदा कॅलिफोर्नियाची असतात. शेजारच्या आजी सप्टेंबरात गावाकडून कवचासकट पोतं मागवतात, लागतील तसे फोडतात, आणि टरफलं थंडीत शेगडीत घालतात.