एका फॉर्ममध्ये दुसऱ्याचं नाव कोरू नका

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ साली बाजारात आलं. तक्ते, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड एकाच फाइलमध्ये मावत असल्याने लहान कचेऱ्यांची कामं त्यावर सहज बसली. अशा ॲप्लिकेशनमध्ये बिलाच्या फॉर्मवरून ‘ग्राहक शोधा’ हा फॉर्म उघडतो आणि निवडलेला ग्राहक बिलात येतो. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी युक्ती म्हणजे शोधाच्या कोडमध्ये बिलाच्या फॉर्मचं नाव लिहून टाकणं. उद्या कोटेशनच्या फॉर्मलाही हाच शोध हवा झाला की ‘हा असेल तर इकडे, तो असेल तर तिकडे’ अशा अटींची रांग लागते. बिलाचा फॉर्म बंद असताना शोध थेट उघडला, तर ग्राहक निवडताच २४५० क्रमांकाची चूक समोर येते: सांगितलेला फॉर्म सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे नावाऐवजी त्या फॉर्मचा संदर्भच हाती देणं. ओपनफॉर्म आदेशातल्या ओपनआर्ग्जमधून मजकूर जातो, ऑब्जेक्ट जात नाही. म्हणून शोधाच्या फॉर्ममध्ये एक पब्लिक प्रॉपर्टी ठेवायची आणि तो उघडल्यावर बोलावणाऱ्या फॉर्मने ‘सेट’ लिहून तिच्यात ‘मी’ (Me), म्हणजे ॲक्सेसच्या व्हीबीए भाषेत स्वतःचा संदर्भ, भरायचा. ग्राहक ठरला की शोध त्या संदर्भावरची ठरलेली प्रोसीजर बोलावतो. समोर बिल आहे की कोटेशन, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. एकाच फॉर्मच्या जादा प्रती ‘न्यू’ वापरून उघडल्या असतील, तर मूळ प्रतीखेरीज इतर प्रती नावाने हाती लागत नाहीत. तिथे संदर्भावाचून गत्यंतर नाही.

ग्राहकाचा क्रमांकच हवा असेल तर एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. शोधाला नुसता क्रमांक द्यायचा असेल, तर ओपनआर्ग्ज पुरेसं आहे. पण निवड परत कुठे पोचवायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: डायलॉग म्हणून उघडलेला फॉर्म बंद होईपर्यंत किंवा लपेपर्यंत बोलावणाऱ्याचा कोड थांबून राहतो, मग प्रॉपर्टी भरायची कधी? तिथे उलटा मार्ग घ्यावा. ‘ठीक’ बटणाने शोध फक्त लपवावा, बोलावणाऱ्याने निवड वाचून घ्यावी आणि मग तो बंद करावा. साध्या फॉर्मलाही प्रॉपर्टी ‘लोड’ घटना उरकल्यावरच मिळते, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेला कोड ‘लोड’मध्ये ठेवू नये. तिसरी अडचण अशी की बिल आधी बंद झालं, तर शोधाकडचा संदर्भ निरुपयोगी होतो आणि २४६७ क्रमांकाची चूक येते. म्हणून बंद होताना बिलाने शोधही बंद करावा आणि संदर्भ ‘नथिंग’ करून सोडावा.

ही शिस्त पाळायला चार-दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, हे खरं. पण ॲप्लिकेशन वर्षानुवर्षं वाढतं आणि लिहिणारा बदलतो. एकाच ठिकाणाहून उघडणाऱ्या फॉर्ममध्ये नाव लिहिलं तरी चालेल. दुसऱ्या ठिकाणाहून मागणी येताच मात्र ते नाव काढून संदर्भ द्या.