यवतेश्वराचा घाट

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें पहांटे उठून रस्त्यानें धांवत सुटावें, हें आमच्या घरांतील वडील मंडळींस प्रथम मुळींच रुचलें नाहीं. ‘चोर मागें लागला आहे, कीं गाडी चुकते आहे?’ असा प्रश्न आमच्या मातोश्रींनीं केला, तेव्हां सारें घर हंसलें. परंतु त्या हंसण्यांत मातोश्री सामील झाल्या नाहींत. त्यांच्या थट्टेआड भीति होती, व ती सकारण होती. २०२० सालीं आमचे वडील बंधु वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें अकस्मात् गेले. सकाळपासून छातींत दुखत असतांहि ‘पित्त असेल’ असें म्हणून ते कचेरींत गेले आणि कचेरीच्या जिन्यांतच कोसळले. अशा घरांत धाकटा मुलगा आपण होऊन डोंगर धांवत चढण्याच्या गोष्टी बोलूं लागला, तर आईच्या मनास काय वाटेल, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

तथापि ही कल्पना मूळ आमची नव्हे. ती आमच्या वहिनींची. दादा गेल्यावर वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहींत. पुढें रक्तांतील साखर वाढली आहे असें आढळून आलें, आणि डॉक्टरांनीं रोज तासभर चालण्याची आज्ञा केली. एकटीनें कसें जावें म्हणून आम्ही त्यांच्या सोबतीस निघूं लागलों. चालण्याचें हळूहळू धांवणें केव्हां झालें तें आमचें आम्हांसहि कळलें नाहीं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर नित्य भेटणाऱ्या मंडळींतील एका निवृत्त बँक-अधिकाऱ्यांनीं एके दिवशीं विचारलें, ‘साताऱ्यास येतां काय?’ आम्ही हंसून विषय टाळला. वहिनींनीं मात्र ‘किती चढ आहे?’ असें विचारलें, आणि तेथेंच निर्णय झाला!

साताऱ्याची ही डोंगरावरील अर्धी मॅरेथॉन २०१२ सालीं सुरू झाली. अंतर २१ किलोमीटर व वर सुमारें ९७ मीटर. पोलिसांच्या कवायतीच्या मैदानापासून निघावयाचें, शहर ओलांडून समर्थ मंदिराच्या बाजूनें यवतेश्वराचा घाट चढावयाचा, कासच्या रस्त्यावर कांहीं अंतर जाऊन मागें वळावयाचें आणि त्याच वाटेनें खालीं यावयाचें. सपाटीवर धांवणाऱ्यास एकच शत्रु असतो, तो म्हणजे अंतर. येथें दुसरा शत्रु उंची, आणि तिसरा, जो सर्वांत कपटी, तो उतार. तरी लोक येतातच. २०१५ सालीं एका डोंगरावर एकाच वेळीं सर्वाधिक माणसें धांवल्याबद्दल या शर्यतीची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली.

मातोश्रींची संमति मिळविणें हाच आमचा पहिला घाट होता. त्यांनीं दोन अटी घातल्या. पहिली, हृदयाची पूर्ण परीक्षा झाल्यावांचून पाऊल उचलावयाचें नाहीं. दुसरी, शर्यत संपतांच गळ्यांत पदक घालण्यापूर्वीं घरीं दूरध्वनि करावयाचा. पहिली अट तर आम्हांसहि हवीच होती. सख्ख्या भावास अकालीं हृदयविकार झालेला असतां चाळिशी-पन्नाशींतील माणसानें वैद्यकीय सल्ल्याशिवाय कठोर व्यायाम आरंभणें हें धाडस नव्हे, अविचार होय. चालत्या पट्ट्यावर आम्हांस चढवून डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख घेतला, रक्त तपासलें, आणि मग म्हणाले, ‘धांवा, पण शरीर कांहीं सांगूं लागलें, तर त्याचें ऐका.’

पुढील पांच महिने आम्ही दोघे आठवड्यांतून चार दिवस धांवलों. एक दिवस टेकडीसाठीं राखलेला असे. या तयारींत एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. चढावर वेग राखण्याचा हट्ट केला कीं श्वास फुलतो व पाय जड होतात. परंतु पाऊल आंखूड टाकलें, दृष्टि दहा-पंधरा हात पुढें ठेवली आणि शेजारच्या माणसाशीं दोन वाक्यें बोलतां येतील इतकीच घाई केली, तर तोच चढ सुसह्य होतो. वहिनींना हें उपजतच साधलें. आम्हांस तें शिकावें लागलें, आणि पुरतें शिकलों नाहीं हें पुढें दिसेलच.

२०२३ च्या सप्टेंबरांतील त्या रविवारीं आम्ही अंधारांतच मैदानावर पोहोंचलों. श्रावण चालू होता. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग उतरले होते. हजारों माणसें जमलीं होतीं. पंचविशींतील तरुण होते, तशाच सत्तरी गांठलेल्या आजीबाईहि होत्या. कोणी पायांस तेल चोळीत होता, कोणी डोळे मिटून स्वस्थ उभा होता. इशारा झाला आणि तो लोंढा शहरांतून वाहूं लागला. सातारकरांचें कौतुक करावें तेवढें थोडें! घराघरांच्या ओट्यांवर माणसें उभीं होतीं. ढोल-ताशे वाजत होते. एका म्हाताऱ्या बाईंनीं आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला व ‘सांभाळून जा रे बाबांनो’ असें त्या म्हणाल्या. आम्हांस आईची आठवण झाली.

समर्थ मंदिर मागें पडलें आणि घाट सुरू झाला. बोलणीं थांबलीं. ऐकूं येई तो केवळ पावलांचा व श्वासांचा आवाज. वळणामागून वळण येई, आणि प्रत्येक वळणावर ‘आतां सपाटी येईल’ अशी आशा फसे. आमच्या पुढें एक शिक्षिका धांवत होत्या. त्या मध्येंच चालूं लागल्या, पन्नास पावलें चालल्या, पुन्हा धांवूं लागल्या. ‘मी वळणें मोजीत नाहीं, श्वास मोजतें,’ असें त्यांनीं सांगितलें. ज्यांनीं आम्हांस साताऱ्याचें नांव सुचविलें, ते निवृत्त अधिकारी सातव्या वेळीं आले होते. त्यांचा अनुभव असा कीं, पहिल्या वर्षीं घाटांत चालावें लागलें म्हणून ते लाजेनें खालीं मान घालून होते. आज ते ठरवूनच चालतात, आणि शेवटीं लवकर पोहोंचतात. माण तालुक्यांतला एक शेतकऱ्याचा मुलगा मात्र आमच्या शेजारून वाऱ्यासारखा निघून गेला. परत फिरतांना तो आम्हांस पुन्हा समोरून भेटला. ‘चला काका, थोडंच राहिलंय!’ असें तो ओरडला. आम्हांस अद्याप तीन किलोमीटर चढावयाचे होते. परंतु त्या लबाडीनें अंगांत बळ आलें, हें खरें.

वरचें तें दृश्य आम्ही विसरणार नाहीं. धुकें विरळ झालें होतें. खालीं शहर, त्यापलीकडे किल्ला, आणि रस्त्याच्या कडेस ओल्या गवतांत नाना रंगांचीं इवलीं फुलें. पुढें याच वाटेवर कासचें पठार आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्यास जागतिक वारशाचा मान २०१२ सालींच मिळाला. थांबून पाहावें असें वाटलें. पण घड्याळ धांवत होतें, आणि आम्हीहि.

आतां उतार. चढतांना वहिनींच्या मागें पडल्याचें शल्य आमच्या मनांत कोठें तरी होतें. उतार दिसतांच आम्ही हात मोकळे सोडले व लांब ढांगा टाकीत सुटलों. शंभरएक माणसें मागें टाकलीं असतील. मोठें सुख वाटलें! तें सुख तीन किलोमीटर टिकलें. मग मांड्या थरथरूं लागल्या, आणि एका वळणावर उजव्या गुडघ्यांत अशी कळ आली कीं आम्ही कठड्याशीं मटकन बसलों.

असें कां झालें, हें मागाहून आम्हीं समजून घेतलें. चढतांना मांडीचे स्नायु आंखडून शरीर वर उचलतात. उतरतांना तेच स्नायु ताणले जात असतां शरीराचा भार आंवरून धरतात, म्हणजे लगामाचें काम करतात. या कामांत दम लागत नाहीं, म्हणून तें सोपें भासतें. परंतु स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा याच वेळीं अधिक होते, आणि तिची खरी वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळते. लांब ढांग टाकल्यानें टांच शरीराच्या फार पुढें पडते व प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यास बसतो. घाम व धाप चढावरच्या चुकीची सूचना तत्काळ देतात. उताराची चूक मात्र वेळ टळून गेल्यावर कळते.

आम्ही बसलों असतां मागून वहिनी त्याच संथ पावलांनीं आल्या. थांबल्या. ‘तुम्ही पुढें व्हा,’ आम्हीं म्हटलें. पांच महिने त्या याच दिवसाची वाट पाहात होत्या. त्यांनीं आमचा चेहरा न्याहाळला व प्रथम विचारलें तें हेंच : ‘छातींत दुखतें काय?’ ‘नाहीं, गुडघा आहे,’ असें आम्हीं सांगितलें तरी त्यांनीं दोनदां विचारलें, आणि शेजारून जाणाऱ्या एका डॉक्टर गृहस्थांस थांबवून नाडी पाहावयास लाविली. त्या गृहस्थांनीं आपलीं चार मिनिटें खर्चीं घातलीं. नांवहि न सांगतां ते निघून गेले. मग वहिनी म्हणाल्या, ‘भावोजी, उठा. धांवावयाचें नाहीं, चालूं या.’ उरलेले सहा किलोमीटर आम्ही चाललों. मध्यें सपाटीवर थोडें धांवलों. वेळ तीन तासांच्याहि पुढें गेली. वहिनी एकट्या असत्या तर कितीतरी आधीं पोहोंचल्या असत्या. परंतु त्या विषयीं त्यांनीं आजतागायत एक शब्दहि काढलेला नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं डोंगरी शर्यतींविषयीं थोडें वाचन केलें, तेव्हां आमच्यासारखे फसलेले पुष्कळ आहेत हें पाहून समाधान वाटलें. अमेरिकेंतील बोस्टन शहराची मॅरेथॉन १८९७ पासून चालत आली आहे. तिच्या वाटेवर विसाव्या मैलानंतर एक टेकाड लागतें. उंची शंभर फुटांहूनहि कमी; पण तें अशा जागीं आहे कीं तेथें पोहोंचतांना अंगांतील सांठविलेली साखर संपत आलेली असते. १९३६ सालीं जॉन केली हा आदल्या वर्षींचा विजेता मोठ्या जिद्दीनें पुढच्या धांवकाजवळ पोहोंचला, आणि त्यास गांठतांना त्यानें त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. त्या थापेनें तो धांवक, एलिसन ब्राउन, असा चेतला कीं पुन्हा पुढें निघून त्यानें शर्यत जिंकली. केली पांचवा आला. एका वृत्तपत्रकारानें या प्रसंगावरून त्या टेकाडास ‘हृदयभंगाची टेकडी’ असें नांव दिलें, तें कायमचें राहिलें. केलीला टेकाडानें हरविलें कीं घाईनें, हें वाचकांनींच ठरवावें.

हा छंद परदेशांतून आला, आपल्याकडे त्यास परंपरा नाहीं, असें कोणी म्हणतात. तें बरोबर नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत अनवाणी धांवणारे खेडुत पाहून सर दोराबजी टाटा यांस आपलीं माणसें ऑलिंपिकला धाडण्याची प्रेरणा झाली. १९२० सालीं अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले धांवले व एकोणिसावे आले. त्यांस २ तास ५० मिनिटें लागलीं, आणि तें अंतर आजच्या ठराविक ४२.१९५ किलोमीटरहून अर्ध्या किलोमीटरनें जास्तच होतें. स्त्रियांची वाट याहून बिकट. बोस्टनच्या शर्यतींत १९६७ सालीं धांवणाऱ्या कॅथरीन स्विट्झर या तरुणीस एका अधिकाऱ्यानें धक्के मारून बाहेर काढण्याचा यत्न केला. तेथें स्त्रियांस रीतसर प्रवेश १९७२ सालीं मिळाला, व ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालीं प्रथम झाली. आणि २०१६ सालीं याच सातारा जिल्ह्यांतील, माण तालुक्यांतल्या मोही गांवच्या ललिता बाबर रिओ येथें तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहाव्या आल्या. आमच्या वाचक-भगिनींनीं हें ध्यानांत ठेवावें.

ज्यांस यंदा अशा चढणीवर जावयाचें असेल, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. चाळिशीनंतर आधीं वैद्यकीय परीक्षा करावी. घरांत हृदयविकार असल्यास ती अवश्यच. नवे बूट व नवे खाद्यपदार्थ शर्यतीच्या दिवशीं कधींहि वापरूं नयेत. तहान लागेल तितकें पाणी प्यावें. केवळ भीतीपोटीं फार पाणी प्याल्यास रक्तांतील मीठ विरळ होऊन अपाय होतो. उताराचाहि सराव करावा, व त्यावर पावलें आंखूड ठेवावींत. छातींत, जबड्यांत वा डाव्या हातांत दुखूं लागल्यास अथवा घेरी आल्यास तत्काळ थांबावें. शर्यत पुढच्या वर्षीं पुन्हा असते.

असो. मैदानावर पोहोंचतांच दुसरी अट पाळावयाची होती. आमचे हात थरथरत होते, म्हणून दूरध्वनि वहिनींनीं लावला. ‘दोघेहि पोहोंचलों,’ एवढेंच त्या म्हणाल्या आणि यंत्र आमच्या हातीं दिलें. गुडघ्याची हकीकत आम्हीं भीत भीत सांगितली. ‘पुरे झालें हें धांवणें’ असें ऐकावें लागणार, अशी आमची खात्री होती. पलीकडे मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दुखल्यावर थांबलास, हें फार चांगलें केलेंस. तुझा दादा थांबला नाहीं रे.’

यंदाच्या तयारीस आम्हीं आरंभ केला आहे. गुडघा बरा आहे. पहांटे पांचला आम्हांस उठविण्याचें काम मातोश्रींनीं स्वतःकडे घेतलें आहे, आणि निघतांना त्या दारापर्यंत येऊन बजावतात : ‘वहिनीच्या पुढें जाऊं नकोस.’