पॅकेज बसलं, पण फाइल कुठे आहे?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण या एका प्रश्नापायी चालते सर्व्हर बंद पडतात. लिनक्सवर एखादं पॅकेज इन्स्टॉल केलं, एकही एरर आली नाही, आणि तरी हवी ती फाइल जागेवर नाही. मग माणूस काय करतो? पुन्हा इन्स्टॉल करतो. तरी नाही. मग चिडून पॅकेज मुळासकट उपटतो आणि परत टाकतो. हे उपटणं कधीकधी फार महाग पडतं, ते पुढे येईलच. मी डेबियन आणि उबुंटूबद्दल बोलणार आहे, कारण बरेच जण त्यांपैकी एक वापरतात. आणि कमांड मी तोंडी सांगतोय. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी एक साधी गोष्ट. पॅकेज टाकलं की त्यातून कुठल्या फाइली आल्या, याची यादी मशीनवर राहते. डीपीकेजी, डॅश, मोठा एल, आणि पुढे पॅकेजचं नाव. एवढं लिहिलं की ती यादी समोर येते. फाइल सापडत नाही म्हटल्यावर पहिलं काम हेच. कारण खरा प्रश्न ‘फाइल कुठे गेली’ हा नसतो, ‘फाइल या पॅकेजात होती का’ हा असतो. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

उदाहरण घ्या. तुम्ही सी भाषेतला प्रोग्राम कम्पाइल करताय आणि कम्पायलर म्हणतो, ओपनएसएसएलची हेडर फाइल नाही. तुम्ही म्हणता, अहो, ओपनएसएसएल तर टाकलंय! टाकलंय, पण डेबियनमध्ये एकाच सॉफ्टवेअरची अनेक पॅकेजेस केलेली असतात. चालवायला लागणारी लायब्ररी एकात, कम्पाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्यात. त्या दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. इथे ते लिबएसएसएल-डेव्ह. कुठली फाइल कुठल्या पॅकेजात हे माहीत नसेल, तर एपीटी-फाइल नावाचं साधन टाका, त्याचं अपडेट एकदा चालवा आणि फाइलच्या नावाने शोधा. न बसवलेल्या पॅकेजांतही ते शोधतं. डीपीकेजीचा मोठा एस मात्र फक्त बसवलेल्या पॅकेजांत बघतो, हा फरक लक्षात असू द्या.

कधी फाइल आलेली असते, नाव वेगळं असतं. बॅट नावाचं पॅकेज टाकलं तर कमांड येते ‘बॅटकॅट’. एफडी-फाइंड टाकलं तर ‘एफडीफाइंड’. आधीच्या दुसऱ्या पॅकेजांनी ती छोटी नावं घेतलेली होती, म्हणून. आणि कधी फाइल /यूएसआर/एसबिनमध्ये असते, जी डेबियनवर साध्या युजरच्या पाथमध्ये नसते. तेव्हा ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं म्हणून फाइल नाही असं समजू नका.

आता उलटी बाजू. फाइल डिस्कवर आहे, पण यादीत नाही, असंही होतं. पॅकेजबरोबर स्क्रिप्ट येतात, त्या इन्स्टॉलच्या शेवटी चालतात आणि स्वतः फाइली तयार करतात. त्यांची नोंद यादीत नसते. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मराठी लोकेल. तुम्ही लोकेल्स हे पॅकेज टाकता आणि मराठी लोकेल निवडायला जाता, तर ते उपलब्ध नाही म्हणून सिस्टिम सांगते. पॅकेजात मराठीची व्याख्या असते, पण तो कच्चा माल आहे. /ईटीसी/लोकेल.जेन या फाइलमधली ‘एमआर अंडरस्कोर आयएन’ची ओळ मोकळी करायची, म्हणजे तिच्या आधीची पाउंडची खूण काढायची, आणि मग लोकेल-जेन चालवायचं. तेव्हा कुठे वापरण्याजोगी फाइल तयार होते. इथे पॅकेज दहा वेळा पुन्हा टाकलं तरी काही फरक पडत नाही.

एसएसएच सर्व्हरची मुख्य सेटिंग फाइल, एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिग, हीसुद्धा अशीच. डीपीकेजीला विचारलं तर ते म्हणेल, ही फाइल कुठल्याच पॅकेजची नाही. कारण ती स्क्रिप्टने, यूसीएफ नावाच्या साधनामार्फत ठेवलेली असते. तिची मूळ प्रत /यूएसआर/शेअर/ओपनएसएसएच या फोल्डरमध्ये मिळते. ती तिथून कॉपी केली की काम झालं.

आता मुख्य मुद्दा. समजा कुणी अपाची वेब सर्व्हरची /ईटीसी/अपाची2 ही अख्खी डिरेक्टरी उडवली. ‘सगळं बिघडलंय, कोऱ्या पाटीवर सुरू करू’ असा विचार असतो. मग पॅकेज री-इन्स्टॉल केलं. काहीच तक्रार नाही. पण अपाची चालू होत नाही, कारण अपाची2.कॉन्फ फाइल परत आलेलीच नाही. लोक याला बग समजतात. हा बग नाही, हा डेबियनचा नियम आहे. /ईटीसीमधल्या सेटिंग फाइलींना तिथे ‘कॉन्फफाइल’ म्हणतात, आणि त्यांच्यावर हक्क तुमचा मानला जातो. तुम्ही बदल केलात तर पॅकेज तो परस्पर पुसत नाही. तुम्ही फाइलच उडवलीत, तर तोही तुमचाच निर्णय मानून पॅकेज ती परत आणत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. सर्व्हरच्या मालकाने मुद्दाम काढलेली एखादी सेटिंग पुढच्या अपडेटने गुपचूप परत आणली असती, तर ते जास्त वाईट झालं असतं.

मग परत कशी आणायची? आधी खात्री करा. डीपीकेजी, डॅश, मोठा व्ही, पॅकेजचं नाव. जी फाइल यादीत आहे पण डिस्कवर नाही, तिच्यापुढे ‘मिसिंग’ असं येतं, आणि कॉन्फफाइल असेल तर सोबत छोटा सी. मग री-इन्स्टॉल करताना डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यायचा. हरवलेल्या तेवढ्याच फाइली परत येतात, तुम्ही बदललेल्या बाकीच्यांना हात लागत नाही.

याऐवजी लोक ‘पर्ज’ करतात. पर्ज म्हणजे पॅकेज सेटिंगसकट काढणं. त्याने फाइल परत येईल, पण तुम्ही सेटिंग फाइलींत केलेले बदलही गेलेले असतील. डेटाबेसच्या बाबतीत तर जपूनच. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस पर्ज करताना ‘डेटाही पुसू का’ असं विचारलं जातं, आणि घाईत एंटर दाबण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. एका फाइलसाठी कुणाची वर्षभराची हिशेबाची नोंद जाऊ नये. पर्ज करायचंच असेल तर आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर.

इथे एकांनी विचारलंय की डॉकरमध्ये मॅन पेजेस कधीच का दिसत नाहीत. चांगला प्रश्न. इमेज लहान राहावी म्हणून तिथे डीपीकेजीला आधीच सांगून ठेवलेलं असतं की अमुक जागेच्या फाइली टाकूच नकोस. उबुंटूच्या इमेजमध्ये /ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी या फोल्डरमध्ये ‘एक्सक्लूड्स’ नावाची फाइल बघा. मॅन पेजेस तर वगळली आहेतच, भाषांतरंही वगळली आहेत. म्हणजे कंटेनरमध्ये मराठी मेसेज दिसत नसतील, तर दर वेळी भाषांतर करणाऱ्यांनाच दोष देऊ नका. गंमत अशी की यादीत या फाइली दिसतात, डिस्कवर नसतात. तो नियम काढा, मग पॅकेज री-इन्स्टॉल करा, फाइली येतील.

फेडोरावाल्यांसाठी थोडक्यात. यादीसाठी आरपीएम, डॅश, क्यूएल. फाइल कुणाची हे विचारायला क्यूएफ. तपासणीसाठी मोठा व्ही. न बसवलेल्या पॅकेजांत शोधायला डीएनएफ प्रोव्हाइड्स. आणि हो, तिथे उडवलेली सेटिंग फाइल री-इन्स्टॉल केल्यावर साधारणपणे परत येते. त्यामुळे फेडोरावरची सवय घेऊन डेबियनचा सर्व्हर सांभाळायला बसलात, तर तो कॉन्फफाइलचा नियम नेमका तिथे आडवा येईल.