वैशाखातील पुष्पपूजा

वैशाखाचे ऊन तापू लागले, की जुन्नर-आंबेगावच्या परसांतून मोगरा, अनंत व सोनचाफा यांचा दरवळ सुटतो. रानात बहावा पिवळ्या घोसांनी लवतो. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजास व ओझरच्या विघ्नेश्वरास तांबडी जास्वंद प्रिय. मोगऱ्याची दुपारी खुडलेली कळी सांजआरतीस देवापुढे उमलते.

मात्र याच दिवसांत पश्चिमेकडील डोंगरवस्त्यांतले आड आटतात. पावसाळ्यात जेथे धो-धो पाऊस कोसळतो, तेथेच माताभगिनी हंडाभर पाण्यासाठी वणवण करतात. "बुवा, अशा वेळी फुलझाडास पाणी घालणे पाप नव्हे काय?" असे कीर्तनानंतर एका आजींनी आम्हांस पुसले. आम्ही क्षणभर निरुत्तर झालो.

मग गीतेचा नववा अध्याय स्मरला. भगवंतांनी तेथे पत्र, पुष्प, फळ यांच्या पंक्तीस पाणीही बसविले आहे. अक्षय्य तृतीयेचे उदककुंभदान याच भावाचे. आम्ही म्हणालो, "आजी, आधी तहानलेल्यास पाणी द्या, ती पूजाच. तांदूळ धुतलेले पाणी मोगऱ्यास घाला. कळी आली तर देवाची. न आली तर एक पान पुरे."

वाचकहो, यंदा फुलांच्या परडीशेजारी दारी एक पाण्याचा माठही असू द्यावा.