मुरायला सात वर्षं

बूच अर्धं निघालं आणि अर्धं बाटलीच्या गळ्यात अडकून बसलं. दुबईहून मावसभावाने आणलेली ती शातो म्युझारची बाटली 2001 सालची होती. म्हणजे बुचाचंही वय झालेलंच. शेवटी चहाच्या गाळण्यातून वाईन काचेच्या जगमध्ये ओतली. गाळण्यात बुचाचा भुगा आणि काळपट, मऊ गाळ उरला. पेल्यातला रंग मधोमध विटकरी, कडेला चिंचेच्या कोळासारखा तपकिरी. वासात पहिल्यांदा आंबूस झणका होता. "खराब झाली वाटतं," भाऊ म्हणाला. मी म्हटलं, थांब जरा. वीस मिनिटांनी त्याच पेल्यातून वाळलेल्या अंजिराचा, चामड्याचा आणि थोडा दालचिनीचा वास यायला लागला होता.

वय होणं वेगळं आणि मुरणं वेगळं, हे लोणच्याच्या बरणीशेजारी वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जगातली बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ठेवली तर नुसती म्हातारी होते. मुरायला तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर लागतात. तुरट द्रव्यं आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जड होतात आणि तळाशी बसतात. गाळण्यात राहिला तो हाच गाळ. जिभेवरचा करकरीतपणा त्याच्याबरोबर निघून गेलेला असतो.

ही वाईन लेबनॉनची. अख्खा देश आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा लहान. पश्चिमेला लेबनॉन पर्वत, पूर्वेला अँटी-लेबनॉन आणि मधे सुमारे हजार मीटर उंचीवरचं बेका खोरं. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ, उन्हाळ्यात पावसाचा थेंब नाही. दिवसा ऊन तापतं, रात्री गारठा पडतो. उन्हाने साखर भरते आणि थंड रात्री आंबटपणा टिकवून धरतात. नाशिकच्या बागायतदाराला यातलं एक फार हेवा वाटण्यासारखं आहे: तिथली वेल थंडीत खरोखर झोपते. आपल्याकडे तिला तशी झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या करून तिचं वेळापत्रक आपण बसवतो आणि वाईनची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऊन चढत असताना तोडतो. बेकात तोडणी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, रात्री गार होत असताना. जुन्या बागांना मांडवही नाही. वेली बुटक्या झुडपांसारख्या मोकळ्या उभ्या.

वाईनचं वेड इथे जुनंच. सैदाच्या दक्षिणेला तेल अल-बुराक इथे फिनिशियन लोकांचा सुमारे 2600 वर्षांपूर्वीचा, चुन्याचा गिलावा केलेला द्राक्षं तुडवण्याचा हौद सापडला आहे. बेका खोऱ्यातच बालबेकला रोमनांनी बाखसचं देऊळ बांधलं आणि दगडात द्राक्षवेली कोरल्या. आजची बाग मात्र फ्रेंच वळणाची आहे. 1857 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी क्सारा इथे लागवड केली, अल्जीरियातून फ्रेंच वाणांची कलमं आणली, आणि पुढे पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच अंमल आल्यावर गिऱ्हाईकही आयतं मिळालं.

गास्तों होशार यांनी म्युझार सुरू केलं 1930 मध्ये, वयाच्या विशीत. (आडनावाचा आपल्या 'हुशार'शी काही संबंध नाही, पण वाचताना हसू येतंच.) दुसऱ्या महायुद्धात बोर्दोच्या लांगोआ-बार्तों घराण्यातले रोनाल्ड बार्तों लेबनॉनमध्ये तैनात होते, त्यांची गास्तोंशी दोस्ती जमली. गास्तोंचा थोरला मुलगा सर्ज बोर्दोला जाऊन वाईनचं शास्त्र शिकला आणि 1959 मध्ये त्याने कारभार हातात घेतला. मनासारखं मिश्रण बसवायला मात्र 1977 उजाडलं.

मिश्रणात तीन वाण आहेत. कॅबर्ने सोव्हिन्यों हा बोर्दोचा, कणा त्याचा. कारिन्यान रांगडा, रंग आणि आंबटपणा त्याच्याकडून. सँसो पातळ अंगाचा, सुगंधी, बाकी दोघांची धार बोथट करणारा. बोर्दोत त्याला कोणी दारात उभं करणार नाही, पण माझ्या मते म्युझारचं म्युझारपण त्याच्यातच आहे. तिन्ही वाण सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळे आंबतात, द्राक्षांबरोबर आलेल्या रानटी यीस्टवर. मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत. तिसऱ्या वर्षी मिश्रण, पुन्हा टाकीत, मग न गाळता बाटलीत, आणि तळघरात आणखी तीन-चार वर्षं. तोडणीपासून विक्रीपर्यंत सात वर्षं जातात. दरवर्षी प्रमाण बदलतं, कारण दरवर्षी द्राक्षं बदलतात.

आता अडचणीची गोष्ट. बागा बेकात आणि कारखाना डोंगरापलीकडे, बैरूतच्या उत्तरेला गझीरला. एरवी काही तासांचा घाटरस्ता. पण 1975 ते 1990 ही पंधरा वर्षं यादवी युद्धाची होती, आणि त्या रस्त्यावर कधी कोणाची नाकाबंदी असेल याचा नेम नव्हता. 1976 मध्ये वाईन झालीच नाही. 1984 मध्ये द्राक्षांच्या ट्रकना वाट सापडेना. पोचायला इतके दिवस लागले की माल ट्रकमध्येच आंबायला लागला. बाकीच्या वर्षी वाईन झाली, हेच नवल. घरचं गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून सर्ज बाटल्या घेऊन इंग्लंडला गेले. 1979 च्या ब्रिस्टल वाईन मेळ्यात वाईनचे जाणकार मायकेल ब्रॉडबेंट यांनी 1967 ची म्युझार चाखली, ती मेळ्यातला शोध ठरवली, आणि नाव झालं. 1984 मध्ये 'डिकँटर' या वाईनच्या मासिकाने सर्जना वर्षातली व्यक्ती म्हणून निवडलं. हा मान मिळालेले ते पहिलेच. 2014 च्या शेवटी ते गेले.

तोफगोळ्यांची ही कहाणी पाश्चात्त्य मासिकांनी इतकी घोळवली आहे की वाईन बाजूलाच राहते. सर्ज बैरूतच्या घरी भडिमार चालू असताना एकच बाटली घोट घोट पीत रात्र काढत बसले, हा किस्सा तर प्रत्येक लेखात हमखास. मला त्याचा जरा कंटाळा येतो. युद्धाने म्युझारला गिऱ्हाईक मिळवून दिलं, चव नाही दिली. चव दिली उंचीने, कोरड्या उन्हाळ्याने आणि फार हस्तक्षेप न करण्याच्या हट्टाने.

त्या हट्टाची किंमतही आहे. तो पहिला आंबूस झणका म्हणजे सिरक्याकडे झुकणारं आम्ल. वाईनच्या कुठल्याही परीक्षेत तो दोष धरतील, आणि म्युझारमध्ये तो मुबलक. एकाच सालच्या दोन बाटल्या सारख्या निघतील याचीही खात्री नाही. काही जाणकार याला अस्वच्छ कारखान्याची लक्षणं म्हणतात, आणि काही बाटल्यांपुरतं ते बरोबरच असावं. मला स्वतःला हा झणका थोडा असेल तर आवडतो, फार असेल तर बाटली पुढे सरकवतो.

म्युझार म्हणजे सगळं बेका नव्हे. आद्य क्सारा आजही जोरात आहे. तिच्याखाली रोमन काळातली, जवळपास दोन किलोमीटर लांबीची भुयारं आहेत आणि त्यांतच बाटल्या मुरतात. श्तोराचं दोमेन दे तूरेल 1868 सालचं. केफ्रायाच्या वेली 1951 च्या, पण पहिली वाईन 1979 ची, ऐन युद्धातली. युद्ध संपलं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारखाने होते. आता पन्नासच्या आसपास. पुष्कळांनी कॅबर्ने आणि सिराची घट्ट, ओकचा वास मारणारी वाईन करून बाजार धरला. ती चांगली असते, पण डोळे मिटून प्यायलं तर देश ओळखू येत नाही. अलीकडे काही तरुण मंडळी जुन्या सँसोकडे आणि ओबैदे, मेरवाह या देशी पांढऱ्या द्राक्षांकडे वळली आहेत, ते मला जास्त आशेचं वाटतं. ओबैदे एरवी बडीशेपेच्या जातीच्या अनीसचा वास असलेल्या अरकमध्ये जातं. संकटं मात्र थांबलेली नाहीत. 2019 मध्ये लेबनॉनच्या बँका बसल्या, लोकांच्या ठेवी अडकल्या; बाटली, बूच, पिंप सगळं डॉलर मोजून आणायचं. 2020 च्या ऑगस्टमध्ये बैरूत बंदरात स्फोट झाला. 2024 च्या सप्टेंबरात, ऐन तोडणीच्या हंगामात, बेका आणि बालबेकवर इस्रायली बाँब पडत होते.

म्युझारच्या हिशेबाने त्या हंगामाची वाईन 2031 मध्ये बाजारात येईल.

आमच्या बाटलीतली पाव भाग वाईन उरली होती. जगवर प्लास्टिक बांधून ती फ्रिजमध्ये ठेवली आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी भाऊ निघताना आठवली. झणका पार गेला होता. भावाने उभ्या उभ्या पेला संपवला आणि बॅग खाली ठेवून विचारलं, अजून आहे का?