केंदाळ, संथ पाणी आणि आरोग्य

जोतिबाच्या डोंगरावर पडणारा पाऊस दोन खोऱ्यांत वाटला जातो. उत्तरेकडचे पाणी वारणेला मिळते, दक्षिणेकडचे पंचगंगेला. उतारावर गवत आणि झुडपे असतील तर पाणी रेंगाळते, जमिनीत मुरते, मातीही धुपत नाही. तिथे हे रेंगाळणे फायद्याचेच. पण तेच पाणी खाली ओढ्यात, गटारात किंवा नदीत पोहोचल्यावर वनस्पतींनी अडवले, तर दुखणी सुरू होतात.

आयर्लंडमधील अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये उघड्या प्रवाहाचा वेग काढण्याचे सूत्र मांडले. त्यात पात्राच्या खडबडीतपणासाठी एक अंक धरतात. स्वच्छ, सरळ पात्राला तो ०.०३ च्या आसपास असतो. दाट तण माजले की ०.०७ ते ०.१५ पर्यंत जातो. हा अंक दुप्पट झाला की तेवढ्याच खोलीच्या पाण्याचा वेग निम्मा होतो. मागून येणारे पाणी मात्र कमी होत नाही. ते वाहून जायला रुंद पात्रात सुमारे दीडपट खोली लागते. त्यामुळे तणाने भरलेला ओढा मध्यम पावसातही काठ सोडतो.

पंचगंगेत दिसणारे केंदाळ, म्हणजे जलपर्णी, तळाला रुजत नाही. ते तरंगते, वाहत जाते आणि पुलाच्या खांबांना किंवा बंधाऱ्याला अडकून साचते. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरेच वर गेले, ते अतिवृष्टीमुळे. त्याचे खापर केंदाळावर फोडता येणार नाही. केंदाळाचा खरा त्रास उन्हाळ्यात होतो. तेव्हा पाणी कमी आणि संथ असते, शिवाय सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे त्याचे खाद्य असते. अनुकूल हवेत त्याचा पसारा सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो.

या गालिचाखाली ऊन आणि हवा पोहोचत नाही. पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात, घाण नैसर्गिकरीत्या शुद्ध होण्याची क्रिया मंदावते. तणाच्या आडोशाला डासांच्या अळ्या माशांपासून सुरक्षित राहतात. मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांतूनच हवा घेतात. हा डास हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा वाहक आहे. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. डेंग्यूचा डास मात्र घरातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून गटार साफ केले तरी पिंप आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करावेच लागतात.

उपाय साधे, पण क्रमाने करण्याचे आहेत. ओढे-गटारांतील तण पावसाळ्यापूर्वी काढावे. काढलेले केंदाळ काठावर टाकू नये. पहिल्याच पावसात ते परत पाण्यात जाते. काठावरचे गवत मात्र राहू द्यावे, ते माती धरून ठेवते. आणि नदीत प्रक्रिया न केलेले सांडपाणी जाणे थांबवावे. ते थांबेपर्यंत केंदाळ काढणे म्हणजे जंतुसंसर्ग तसाच ठेवून फक्त ताप उतरवण्यासारखे आहे.