लोकर आत, कातडं बाहेर

पंचवीस हजार फुटांवर हवेचं तापमान साधारण उणे ३५ अंश सेल्सिअस असतं. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३४ मध्ये स्वीकारलेलं बी-३ जॅकेट अशाच थंडीसाठी होतं: मेंढीचं लोकरीसकट कमावलेलं कातडं, लोकर आतल्या बाजूला. ऊब खरं तर लोकरीची नसते. तिच्या कुरळ्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं कातडं वारा अडवून त्या हवेला जागची हलू देत नाही. किती साधी, किती सुंदर रचना!

पण हे जॅकेट विमानात बसून राहणाऱ्यांसाठी होतं. चालताना, गर्दीच्या बसमध्ये त्यात घाम फुटतो. रोज घालायला माझ्या मते त्याच हवाई दलाचं १९३१ चं ए-२ जॅकेट सरस: पातळ कातडं, साधं अस्तर, कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी. बकरीच्या कातड्याचं घ्या. ते हलकं आणि चिवट असतं. आत एक स्वेटर मावतो का, तेही पाहा. टोरांटोच्या जानेवारीत लोकरीचंच हवं, पुण्याच्या थंडीला ए-२ पुरतं. भिजलं तर सावलीत वाळवा, हीटरजवळ मात्र कधीच नको. तापलेलं ओलं कातडं आक्रसतं.